मदत हवी आहे: एबी नेथन यांची मुंबईतली वर्षं

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात मला इस्रायलचे वैमानिक आणि शांततेसाठी झटणारे कार्यकर्ते एबी नेथन यांच्याविषयी बोलायचंय. हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते मामांकडून. मामा बोटीवर होते. सुएझ ओलांडली की रेडिओवर 'व्हॉइस ऑफ पीस' लागायचं, 'भूमध्य समुद्रात कुठूनतरी' बोलतोय असं सांगणारं. 1973 ते 1993 नेथन यांनी ते एका जुन्या डच मालवाहू बोटीवरून चालवलं.

इस्रायलमधला भाग बराच जमलाय. फेब्रुवारी 1966 मध्ये 'शालोम 1' नावाचं छोटं विमान घेऊन ते एकटेच इजिप्तच्या पोर्ट सैदला उतरले. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांना भेटायचं होतं. भेट नाही झाली, पण इजिप्तवाल्यांनी नीट वागवून परत पाठवलं. (शत्रूचा देश! पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं.) पुढे पॅलेस्टिनी नेते अराफत यांना भेटले म्हणून मायदेशात तुरुंगात गेले. अशा भेटींवर बंदी घालणाऱ्या ज्या कायद्याखाली गेले तो 1993 मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी पंतप्रधान राबिन यांनी अराफतशी हात मिळवला. हे वाचून गलबलून आलं.

अडलंय ते मुंबईपाशी. जन्म 1927, इराणातल्या आबादानचा. वाढले मुंबईत, जेझुइटांच्या शाळेत शिकले, रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक झाले, 1948 मध्ये इस्रायलच्या बाजूने लढायला गेले. सगळीकडे एवढंच. म्हणजे ऐन विशीत त्यांनी फाळणीचा काळ इथे काढला. त्याचा मनावर काही परिणाम झाला असेल का? मला तसं वाटतं, पण पुराव्याशिवाय लोकांसमोर बोलणार नाही.

1966 च्या फेब्रुवारी-मार्चमधली मुंबईची मराठी वर्तमानपत्रं कुठे चाळायला मिळतील? 'आपल्या मुंबईचा वैमानिक' अशी काही दखल घेतली होती का? इस्रायलमधल्या मराठी मंडळींनाही विनंती: नेथन बेने इस्राएली (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) नव्हते हे ठाऊक आहे, पण तुमच्या घरी ते स्टेशन ऐकत असतील. इस्रायलमधल्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाच्या जुन्या अंकांत त्यांच्यावर काही आलंय का?

आणि हिब्रू जाणणाऱ्यांनो, आडनाव नेथन म्हणू की नातान? 2008 मध्ये ते गेले. त्यांच्या थडग्यावर एकच शब्द आहे, 'निसिती'. 'मी प्रयत्न केला' फार कोरडं वाटतं. 'मी करून पाहिलं' चालेल का?