मदत हवी आहे: ओटा ३२ इंच की ३४? सोमवारी ड्रॉइंगवर सही करायची आहे

नमस्कार मंडळी,

सिंहगड रोडला एका जुन्या इमारतीत रीसेलचा फ्लॅट घेतलाय. स्वयंपाकघर १० बाय ८. समोरच्या भिंतीला खिडकी, तिच्या बाजूच्या दारातून मागची बाल्कनी. सध्या कडप्प्याचा ओटा आहे, खाली उघडे कप्पे आणि कोपऱ्यात एक छोटी मोरी. हे सगळं तोडून एल आकाराचा नवा ओटा आणि ट्रॉल्या करायच्या आहेत. आता पुन्हा घर बदलायची ताकद नाही, त्यामुळे जे करू ते पुढची वीस वर्षं वापरायचंय.

एका मॉड्युलरवाल्यांनी थ्रीडी चित्र दिलंय. सुंदर आहे. पांढरा ओटा, त्यावर एक कुंडी आणि काचेच्या भांड्यात लिंबं. मी विचारलं, कुकर कुठे? मुलगा म्हणाला, "मॅम, कुकर ट्रॉलीत." अहो, कुकर दिवसातून दोनदा लागतो, तो ओला असतो, आणि आमच्याकडे तीन आहेत. पोळपाट कुठे, कणकेची परात कुठे, मिक्सर कुठे, सगळ्याला एकच उत्तर.

माझी खरी धास्ती मात्र उंचीची. आधीच्या भाड्याच्या घरात ओटा ३६ इंचांचा होता आणि मी पाच फूट एक. सहा वर्षं मी ओट्यासमोर जेवायला बसायचा लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहून पोळ्या लाटल्या. एकदा पाट सरकला. पोळी जमिनीवर, मी फ्रिजवर. उजवा खांदा तेव्हापासून बोलतोय तो अजून बोलतो.

घरात आम्ही तिघं. नवरा पाच फूट दहा, आणि रविवारचं मटण त्याचं असतं, म्हणजे तोही ओट्याशी उभा राहतो (आणि नंतर ओटा मी पुसते, पण तो वेगळा धागा). सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे उभं राहणं जमत नाही, पण भाजी निवडणं-चिरणं त्यांचंच, आणि ते कुणी काढून घेतलेलं त्यांना चालत नाही.

तर विचारायचंय ते हे. उंची किती ठेवू? पांढरा क्वार्ट्झ घेऊ की ग्रॅनाइटच बरा? चिमणी खरंच लागते का? खिडकी शेगडीपासून सात फुटांवर आहे. आणि ज्यांनी नुकतंच स्वयंपाकघर केलंय त्यांनी कृपया सांगा, कशाचा पश्चात्ताप होतोय?

— मेतकूट

भाकरतुकडा:

३२ की ३४ हा प्रश्नच अर्धा आहे. आधी घरातल्या चपला घालून उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायला कुणालातरी सांगा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. चिरायला चार-पाच वजा चालतात, लाटायला सहा, कारण लाटताना वरून जोर लागतो. तुमच्या उंचीला कोपर ३८ च्या आसपास येईल, म्हणजे पोळ्यांना ३२. नवऱ्याचं कोपर ४४ च्या आसपास, त्याला ३८-३९ हवा. मधला आकडा काढलात तर दोघंही रडाल. रोज जो लाटतो त्याचा ओटा.

पण खरी गोम पुढे आहे. ओट्यावर शेगडी ठेवली की ती चार-पाच इंच वर येते, त्यावर कढई. म्हणजे ढवळायची उंची लाटायच्या उंचीपेक्षा आपोआप जास्त. आणि सिंकचं उलटं. सिंकचा तळ ओट्यापासून आठ-नऊ इंच खाली. ३२ च्या ओट्यात सिंक बसवलं तर भांडी घासणारा २३-२४ इंचांवर वाकून घासणार. म्हणून आम्ही सिंकची बाजू ३६ केली आणि शेगडीची ३२. एल आहे ना तुमचा? मग कोपऱ्यातच पायरी द्या.

मेतकूट:

हे कुणीच सांगितलं नव्हतं! पण भांडी आमच्याकडे मावशी घासतात.

भाकरतुकडा:

मग मावशींचं कोपर मोजा.

हातोडा_पान्हा:

माझं काम याच क्षेत्रातलं, त्यामुळे थोडं लांबेल.

पायरीची कल्पना चांगली, पण फुकट नाही. ट्रॉल्यांच्या दोन उंच्या होतात, मॉड्युलरवाले जास्त पैसे मागतात. भरलेलं जड पातेलं सिंकपासून शेगडीपर्यंत सरकवत नेता येत नाही, उचलावं लागतं. आणि पायरीच्या सांध्यात सिलिकॉन नीट भरलं नाही तर तिथे काळी रेघ पडते आणि झुरळांना नवा पत्ता मिळतो. एवढं मान्य असेल तर जरूर करा.

एक फायदा मात्र आहे. डिशवॉशर आज नको असेल, पण वीस वर्षं म्हणताय. सुटा डिशवॉशर साधारण ८५ सेंटिमीटर उंच, म्हणजे साडेतेहतीस इंच. ३२ च्या ओट्याखाली तो जात नाही. वरचं झाकण काढलं तरी नाही, कारण ग्रॅनाइटची जाडी वजा जाते. ३६ च्या बाजूला आरामात बसतो, आणि सिंक शेजारीच असल्याने पाणी येण्या-जाण्याची सोय तिथेच होते. तिथे २४ इंच रुंदीचा एक कप्पा ठेवा, मागे १६ अँपिअरचा पॉइंट काढून ठेवा. तोवर त्यात कांदे-बटाटे.

पॉइंटांचा पश्चात्ताप सगळ्यांना होतो. मायक्रोवेव्ह, इंडक्शन, ओव्हन, घरघंटी ही १६ अँपिअरची मंडळी. एकाच पॉइंटवर एक्स्टेन्शन लावून दोन चालवायची नाहीत. मिक्सर रोज कुठे फिरणार ते आत्ता ठरवा आणि पॉइंट तिथेच काढा. पाण्याच्या फिल्टरला वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी असं तिन्ही लागतं. लोक तिसरं विसरतात आणि मग नळी सिंकमध्ये लोंबते. भिंती फोडून पाइप-वायर टाकून झाल्या की टाइल्स लावायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा. दोन वर्षांनी खुंटी ठोकताना ड्रिल पाइपात जात नाही.

प्लायवुड. "वॉटरप्रूफ आहे मॅडम" या वाक्यावर विसंबू नका. सिंकखाली आणि शेगडीखाली बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं), म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं. बाकी ठिकाणी त्याच्या खालची प्रत, बीडब्ल्यूआर, आयएस ३०३, चालतं. माल आला की कापायच्या आधी शिक्का बघा, कापल्यावर तो कुठे जातो देव जाणे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेले) सिंकच्या जवळपास नको, एकदा फुगलं की संपलं. आणि कापलेल्या कडांना, मागच्या बाजूलासुद्धा, पट्टी लावून बंद करून घ्या. पाणी कडेतूनच शिरतं.

कडप्पाप्रेमी:

एवढा खटाटोप कशाला? कडप्प्याचे उभे पार्टिशन मिस्त्रीकडून करून घ्या आणि पुढे नुसती दारं. वाळवी नाही, फुगणं नाही. आमच्या आईचा ओटा १९९१ चा आहे, अजून तसाच.

हातोडा_पान्हा:

बरोबर आहे, स्वस्त आणि टिकाऊ. पण आतल्या वस्तू काढायला वाकावं लागतं, बसावं लागतं. घरात गुडघ्यांचं दुखणं आहे. खोल ड्रॉवर बाहेर येतो, माणसाला आत जावं लागत नाही. मधला मार्ग म्हणून सिंकखाली कडप्पा आणि दार, बाकी ड्रॉवर. मीही घरी तेच केलंय.

रत्नागिरीकर_आक्का:

मेतकूटताई, मी ड्रॉवरवाली, पण तारेच्या ट्रॉल्यांबद्दल बोलते. आमच्याकडे चार पावसाळ्यांत तारेला गंज धरला. दुकानात सगळंच स्टील म्हणतात, ३०४ (सहज न गंजणाऱ्या स्टीलची प्रत) आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. शिवाय तारेच्या ट्रॉलीत लहान डब्या तिरक्या होतात, हिंगाची डबी तर दर आठवड्याला खालच्या ट्रॉलीत सापडते. आता बदलायच्या झाल्या तर मी सपाट तळाचे ड्रॉवर घेईन. ड्रॉवर कितीही गुळगुळीत चालो, त्याची स्लाइड, म्हणजे ज्या पट्टीवर तो सरकतो ती, किती किलो पेलते ते बघा. तांदळाचा वीस किलोचा डबा आणि गव्हाचा वीस किलोचा एकाच ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आमचा ड्रॉवर शिमग्याला पुढे आला तो गणपतीपर्यंत मागे गेला नाही.

ओट्याच्या दगडाचं म्हणाल तर आमच्याकडे कोकमं, चिंच, लिंबू सदा सांडलेलं. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट पडलं की पांढरे डाग पडतात. संगमरवराचं तेच. ग्रॅनाइटला काही होत नाही.

आणि वरच्या कपाटांचं. मी भिंतभर करून घेतली. आज सर्वांत वरच्या कप्प्यात काय आहे मला ठाऊक नाही. चकलीचा सोऱ्या त्यात आहे असं मुलगी म्हणते. तिथे वर्षातून एकदा लागणारंच ठेवा आणि हे आधी मान्य करा.

सातासमुद्रापलीकडून:

न्यू जर्सीहून. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आणि त्यातच पंखा. तो हवा ओढतो, जाळीतून गाळतो आणि परत तोंडावरच सोडतो. बांगडे तळले की दाराशी टांगलेल्या कोटांना तीन दिवस वास, आणि कोट घालून जायचं ऑफिसला. चिमणी घ्या आणि पाइप बाहेर काढलेलीच घ्या. बिनपाइपची, कोळशाच्या फिल्टरची मिळते, ती फोडणीपुढे टिकत नाही. वास थोडा कमी होतो, गरम वाफ घरातच.

हातोडा_पान्हा:

+१. सात फुटांवरची खिडकी फोडणीचा तेलकट धूर ओढत नाही, उलट वारा आत आला तर तो हॉलमध्ये ढकलते. पाइप सहा इंची ठेवा. भोक चार इंची पाडून नळी आवळणारे मिस्त्री असतात, मग कितीही शक्तीची चिमणी नुसती आवाज करते. वळणं जितकी कमी तितकं बरं. जुन्या इमारतीत बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटी परवानगी देत नसेल तर खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा बसवा आणि त्यातून पाइप काढा. तीन बर्नरची शेगडी असेल तर ६० सेंटिमीटरची चिमणी पुरत नाही, ९० घ्या.

आता एक हिशेब. ओटा ३२, शेगडी ५, त्यावर चिमणी साधारण २६ ते ३० इंच (नक्की किती ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं). मधला २८ धरला तर चिमणीची कड जमिनीपासून ६५ इंचांवर. तुमचे मिस्टर ७० इंच. रविवारी मटणात वाकून बघताना कपाळ सांभाळा म्हणावं. तिरक्या काचेची घेतलीत तर कड थोडी मागे राहते.

मेतकूट:

हे वाचून दाखवलं. तो आत्ताच कपाळ चोळतोय.

क्वार्ट्झचं कुणी बोललंच नाही.

भाकरतुकडा:

मी वापरतेय, तीन वर्षं झाली. दिसायला छान, डागही फारसे पडत नाहीत. पण क्वार्ट्झमध्ये दगडाचा चुरा राळेने चिकटवलेला असतो आणि राळेला उष्णता सोसत नाही. मी एकदा, एकदाच, तळणीची कढई थेट खाली ठेवली. पिवळसर गोल चकती उमटलीय, आता तिच्यावर कायम फळांची टोपली असते. तुमच्याकडे तिघं स्वयंपाक करतात. तिघांनीही दर वेळी कढईखाली काहीतरी ठेवायचं लक्षात ठेवायचं, हे होणार का? ग्रॅनाइट घ्या. अगदी काळाकुळीत, चकचकीत नको, त्यावर कणकेचं पीठ आणि पाण्याचे डाग दोन्ही उठून दिसतात. ठिपक्यांचा घ्या, तो सगळं पोटात घेतो.

सासूबाईंसाठी: खालच्या ड्रॉवरच्या रांगेत २८-२९ इंचांवर बाहेर ओढता येईल अशी फळी करा, टेबलाच्या उंचीची. खाली पाय जायला जागा मोकळी. खुर्ची ओढायची आणि बसायचं. आमच्या आईंनी पहिल्या दिवशी "हे काय खेळणं" म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.

रत्नागिरीकर_आक्का:

आणि ओट्याच्या पुढच्या कडेला खालून खाच मारायला सांगा, नाहीतर पाणी कडेवरून खाली वळून ट्रॉल्यांच्या तोंडावर उतरतं. ढाळ सिंककडे. सिंक घ्यायला जाताना घरातली सर्वांत मोठी परात आणि कढई सोबत न्या, लाजू नका.

मेतकूट:

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारची सही पुढे ढकलली. मॉड्युलरवाले जरा नाराज आहेत.

काल टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवून ३२ आणि ३६ असे दोन ओटे उभे केले. ३२ वर पोळपाट ठेवून दोन पोळ्यांची कणीक लाटली, खांदा गप्प होता. नवऱ्याने ३२ वर उभं राहून काल्पनिक मटण ढवळलं आणि म्हणाला, चालेल, रविवारचंच तर आहे. सासूबाईंना फळी पटली, पण २८ नको २७ म्हणतात. खुर्ची त्यांची जुनी, बुटकी आहे.

मावशींना ३६ च्या पुठ्ठ्यासमोर उभं केलं. त्या आधी हसल्या, घरात काय नाटक चाललंय म्हणून. मग हात खाली सोडून घासल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "उंची बरोबर हाय ताई, पण नळ वर घ्या. तुमचं ते कुकरचं मोठं भांडं नळाखाली कधी उभं राहत नाही, तिरकं धरून मनगट जातं माझं." अकरा वर्षं त्या आमच्याकडे येतात, हे मला आज कळलं. नळ भिंतीतून काढून उंच मानेचा, फिरणारा घेतेय.

आता एकच अडकलंय. चिमणीचा पाइप खिडकीकडे न्यायचा तर मध्ये बीम आहे आणि बीमची खालची कड जमिनीपासून सात फुटांवर. सहा इंची पाइप खालून नेला तर वरच्या कपाटांची उंची कापावी लागेल. हातोडा_पान्हा, बीमचा फोटो आणि मापं उद्या सकाळी टाकते, प्लीज बघाल का?