रेड वाइनला शंभरपैकी गुण द्यावेत का?

दादरकर:

चिलीच्या एका कार्मेनेर या रेड वाइनला गेल्या मे महिन्यात मी शंभरपैकी ८६ गुण दिले होते. त्याच खोक्यातली दुसरी बाटली जानेवारीत उघडली, वहीतले जुने पान न पाहता गुण मांडले आणि बेरीज आली ९१. वाइन तीच, पेले तेच, चाखणारा मीच. फरक एवढाच होता की मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात पारा ३३ अंशांवर होता, बाटली तासभर ओट्यावर उभी होती, आणि पेला नाकाशी नेल्यावर फळाच्या आधी मद्यार्काची झळ लागत होती. जानेवारीत बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून, साधारण १७ अंशांना ओतली, तेव्हा त्याच पेल्यातून पिकलेल्या जांभळाचा आणि मागाहून हिरव्या ढोबळी मिरचीचा वास स्पष्ट आला.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की आपण आकडे देणे थांबवावे. शंभर गुणांची पद्धत रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने १९७८ पासून आपल्या वार्तापत्रातून रूढ केली. तिच्यात ५० गुण प्रत्येक वाइनला आधीच मिळालेले असतात; उरलेल्यांपैकी रंगाला ५, गंधाला १५, चव आणि ती मागे किती रेंगाळते याला २०, एकूण दर्जा व मुरण्याची क्षमता यांना १०. म्हणजे शाळेच्या गुणपत्रिकेसारखी दिसणारी ही पट्टी मुळात अर्धीच आहे, आणि आपण लिहितो त्या बहुतेक वाइन ८५ ते ९५ मध्ये दाटीवाटीने बसतात. तिथे पाच गुणांची चूक ही लहान चूक नाही.

ही चूक माझ्यासारख्या हौशी माणसाचीच असते असेही नाही. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी तिथल्या राज्य जत्रेच्या स्पर्धेत अनुभवी परीक्षकांसमोर, त्यांना न सांगता, एकाच बाटलीतली वाइन तीन वेगवेगळ्या पेल्यांत ठेवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, जेमतेम दहा टक्के परीक्षकांनाच तिन्ही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत बसतील असे गुण देता आले.

त्यापेक्षा आपण आपल्या जिभेच्या शब्दांत लिहावे. कॅबरने सोव्हिन्यॉन या द्राक्षाच्या रेड वाइनच्या प्रत्येक वर्णनात ब्लॅककरंट असते. ते फळ आपल्यापैकी किती जणांनी झाडावरून तोडून खाल्ले आहे? जांभूळ मात्र सर्वांना ठाऊक आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ टाळूला खरखरीत लागते, कारण त्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते आणि तोंडातला ओशटपणा निघून जातो. तरुण कॅबरनेचा तुरटपणा नेमका तोच आहे. करवंद, आमसूल, काळी मिरी, पहिल्या पावसातली माती हे शब्द वाचून वाचकाला वाइन कळेल, ८८ हा आकडा वाचून कळणार नाही.

पार्लेकर:

दादरकर, आपण वही प्रामाणिकपणे उघडी केलीत याचा आदर वाटतो, पण निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. आपल्या दोन आकड्यांमुळेच तर मे महिन्यातली चूक आपल्या ध्यानात आली. दोन्ही वेळा आपण फक्त 'जांभूळ, किंचित उष्ण' आणि 'जांभूळ, ढोबळी मिरची' असे लिहिले असते, तर काहीतरी चुकले आहे हे कोणाच्याच लक्षात आले नसते. चूक उघडी पाडणारे मोजमापच टाकून द्यायचे, हे मला पटत नाही.

शब्द अधिक विश्वासार्ह असतात ही समजूतही तपासून पाहावी. फ्रेडरिक ब्रोशे यांनी बोर्दो या फ्रान्समधल्या वाइनच्या प्रदेशात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. हा निबंध २००१ मधला आहे. डोळ्यांनी पाहिले तेच नाकाने लिहिले, आणि ती फसगत आकड्यांची नव्हती, शब्दांची होती.

आता २४ मे १९७६ चा पॅरिसचा दिवस आठवावा. स्टीव्हन स्परियर यांनी कॅलिफोर्निया आणि फ्रान्स यांच्या वाइन लेबल झाकून नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या आणि वीसपैकी गुण मागितले. रेड वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबरने पहिली आली, बोर्दोच्या मूतों रॉथशिल्डची १९७० ची वाइन तिच्या मागे राहिली. त्या नऊ जणांनी केवळ वर्णने लिहिली असती, तर बोर्दोच्या अभिमान्यांना प्रत्येक शब्दाचा सोयीचा अर्थ लावता आला असता. बेरजेपुढे ती सोय उरली नाही. नव्या, नाव नसलेल्या प्रदेशाला न्याय मिळाला तो आकड्यामुळे, आणि नाशिकला कधी मिळायचा असेल तर तोही तसाच मिळेल.

शिवाय मुंबईत आयात केलेली बाटली घेताना खिशाला केवढी चाट बसते हे आपण जाणता. आयातशुल्क वर्षानुवर्षे १५० टक्के राहिले; ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे २०२२ च्या अखेरीपासून तिथल्या काही बाटल्यांवर ते उतरले. दुकानात चाखायला मिळत नाही. अशा वेळी वाचकाला आमसुलाचे काव्य नको असते, ही घ्यावी की ती याचे उत्तर हवे असते.

नाशिकरोड:

मी द्राक्षाच्या गावचा आहे, म्हणून एका मुद्द्यावर लिहितो. आमच्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. बोर्दोत काढणी चालू असते तेव्हा आम्ही वेलीला कात्री लावत असतो. इथल्या बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठी केलेल्या असतात. मुरण्याच्या क्षमतेचे गुण मोजणारी पट्टी लावली की त्या आधीच मागे पडतात, मग पेल्यात कितीही चांगल्या असोत. पार्लेकरताई, आकडा ठेवायचाच असेल तर तो आज पिण्याचा असावा.

पार्लेकर:

हा मुद्दा मान्य आहे. मात्र नाशिकची म्हणून वेगळी रांग नको. अर्जेंटिनातल्या मेंडोझाच्या माल्बेक या रेड वाइनशेजारी, कागदात गुंडाळूनच ठेवावी.

माटुंगा पूर्व:

मागच्या रविवारी आम्ही पाच जणांनी शिराझ द्राक्षाच्या चार रेड वाइन वर्तमानपत्रात गुंडाळून चाखल्या. तिसऱ्या बाटलीला तिघांनी एकदमच 'मिरी' म्हटले. उरलेल्या दोघांना कितीही हुंगून मिरी सापडेना, आणि त्यांनी सहा गुण कमी दिले. शिराझमधला मिरीचा वास रोटुंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, आणि त्याच अभ्यासात सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना तो वास जाणवत नाही असेही आढळले. त्या दोघांचे नाक आळशी नव्हते, त्यांच्यापुरती ती मिरी नव्हतीच. पाच जणांची सरासरी काढली असती तर असा आकडा आला असता जो पाचांपैकी कोणाच्याच अनुभवाचा नाही.

दादरकर:

माटुंग्याच्या त्या तिसऱ्या बाटलीने माझेही म्हणणे थोडे बदलले आहे, आणि पार्लेकरताईंच्या पॅरिसच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. स्पर्धा लावायची, लेबले झाकायची, एकीला दुसरीपुढे उभे करायचे, तिथे आकडा हवाच. पण एकट्याने, एका संध्याकाळी, एका बाटलीबद्दल लिहिताना तोच आकडा लेबल पाहून, किंमत ठाऊक असताना दिलेला असतो. तो पॅरिसचा आकडा नव्हे. यापुढे मी गुण देईन ते बाटली गुंडाळून, दोन वेगवेगळ्या दिवशी, पेल्यातले तापमान मोजून, आणि दोन्ही आकडे लिहीन.

पार्लेकर:

दोन आकडे वाचून दुकानात उभ्या असलेल्या माणसाने करायचे काय? त्याला कमी असलेला आकडा सांगावा. तेवढे तरी ती बाटली देईलच, आणि अधिक दिले तर तो आपल्याला दोष देणार नाही.

दादरकर:

कमी असलेला आकडा वर लिहितो, दुसरा आणि तापमान खाली. पण कार्मेनेरचे ८६ मी खोडत नाही. मे महिन्यात मुंबईत, फ्रिजमध्ये न ठेवता ती वाइन खरोखरच तेवढ्याच लायकीची लागते, आणि बरीच माणसे ती तशीच पितात.