राज्यसेवा वर्णनात्मक झाली. आता संयुक्त गट ब सोबत ओढणं शक्य आहे का?

निळीशाई

एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक (उत्तरं लिहायची) झाली, तरी बऱ्याच जणांचं वेळापत्रक अजून जुन्या पॅटर्नचंच आहे. सकाळी राज्यसेवा, दुपारी संयुक्त गट ब (राज्य कर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी अशा पदांची एकत्र परीक्षा), जमलंच तर रात्री गट क. माझं मत सरळ सांगतो: आधी हे चालून जायचं, आता दोन्हींपैकी एक धरा.

जुनी मुख्य ८०० गुणांची होती. भाषेचा एक लेखी पेपर सोडला तर बाकी सगळे गोळेच रंगवायचे, म्हणजे चार पर्यायांतून उत्तर निवडायचं. संयुक्तची मुख्य ४०० गुणांची, तिथेही गोळेच, त्यामुळे एका अभ्यासात दोन्ही परीक्षा निघायच्या. नवी मुख्य १७५० ची आहे: निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिकचे (उमेदवाराने स्वतः निवडलेल्या विषयाचे) दोन मिळून ५००. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० चे पात्रता पेपर (फक्त पास व्हायचे) वेगळेच. वर मुलाखत २७५. यातला निबंध, वैकल्पिक आणि सामान्य अध्ययन ४ मधलं नीतिशास्त्र यांचा संयुक्तला काडीचा उपयोग नाही. म्हणजे १७५० पैकी १००० गुणांची तयारी फक्त राज्यसेवेची.

आता वेग बघा. युपीएससीच्या साच्यावर सराव धरला तर एका पेपरात १५० शब्दांचे १० आणि २५० शब्दांचे १० प्रश्न. तीन तासांत ४००० शब्द, मिनिटाला २२, तेही विचार करायचा वेळ धरून. चार-चार वर्षं फक्त गोळे रंगवलेला हात दीड तासात दुखायला लागतो. ही सवय जुलैत संयुक्त, ऑगस्टमध्ये राज्यसेवा अशा उड्या मारून लागत नाही.

गोदाकाठ

असहमत. तुम्ही थेट मुख्यवर पोचलात, पण पूर्व (मुख्यआधीची चाळणी परीक्षा) निघाली नाही तर त्या १७५० गुणांशी तुमचा संबंधच येत नाही. आणि पूर्वमध्ये दोन्ही परीक्षांचा गाभा एकच आहे. महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, विज्ञान, चालू घडामोडी. सहावी ते बारावीची क्रमिक पुस्तकं दोन्हींना तीच. संयुक्तसाठी जास्तीच्या गोष्टी दोनच: अंकगणित-बुद्धिमत्तेचा वेग आणि मुख्यच्या पेपर १ साठी मराठी-इंग्रजी व्याकरण. रोज पाऊण तास दिला की भागतं.

दुसरं, परीक्षा वेळेवर होतीलच असं धरून कुणी चालू नये. २०२४ ची राज्यसेवा पूर्व २५ ऑगस्टला होती, त्याच दिवशी आयबीपीएसची (बँक भरतीची) परीक्षा आली, पुण्यात आंदोलन झालं आणि पेपर गेला १ डिसेंबरला. अशा अधांतरी महिन्यांत ज्याच्याकडे दुसरी परीक्षाच नाही तो सगळ्यात आधी खचतो. वयाची अट खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३. राज्य कर निरीक्षक आणि सहायक कक्ष अधिकारी या पदांना मुलाखतही नाही, मुख्यच्या ४०० गुणांवर निकाल. हातात एक पोस्ट असलेला उमेदवार पुढच्या राज्यसेवेला जास्त निवांत बसतो. "एक धरा" हा सल्ला घरून पैसे येतात त्यांना परवडतो.

निळीशाई

पैशाचा मुद्दा मान्य, गाभा एकच हे मान्य नाही. विषय एक आहे, अभ्यास एक नाही. पंचायत राज घ्या. संयुक्तसाठी काय लागतं? बलवंतराय मेहता समिती १९५७, वसंतराव नाईक समिती १९६०-६१, जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१, अंमल १ मे १९६२ पासून. मग बोंगिरवार १९७०-७१, पी. बी. पाटील १९८४-८६. क्रम लावा, जोड्या लावा, संपलं.

लेखी पेपरात प्रश्न असा येऊ शकतो: महाराष्ट्राने जिल्हा परिषदेला झुकतं माप का दिलं आणि त्याचे परिणाम काय झाले? आता वरची सगळी सालं मिळून एक वाक्य होतं. उत्तर पुढे आहे: मेहता समितीचा भर पंचायत समितीवर, नाईक समितीचा जिल्हा परिषदेवर. जिल्हा पातळीवर कर्मचारी, निधी आणि तांत्रिक यंत्रणा एकत्र ठेवता येते. त्यातून पुढे जिल्हा परिषदेतून आमदारकीकडे जाणारी वाट तयार झाली. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले, पण विषय, निधी आणि कर्मचारी हे तिन्ही एकत्र खाली गेले का? २०११ पासूनचं महिलांचं ५० टक्के आरक्षण कुठे बसतं? पाठांतर करणाऱ्याच्या वहीत या प्रश्नांची उत्तरं नसतात, कारण त्याने ते प्रश्न वाचलेलेच नसतात.

चौथापर्याय

तुमचं चालू द्या, पण दोघंही सीसॅटला विसरलात, म्हणजे राज्यसेवा पूर्वच्या उतारे-गणिताच्या पात्रता पेपरला. या पेपर २ मध्ये ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६ लागतात, आणि पेपर १ ला चांगले मार्क असलेली मुलं इथे उडतात. ८० प्रश्न, प्रत्येकी २.५ गुण, चुकीला पाव म्हणजे ०.६२५ वजा. ४० सोडवून ३० बरोबर, १० चूक: ७५ मधून ६.२५ गेले, ६८.७५, पास. तेच ४० सोडवून २८ बरोबर, १२ चूक: ६२.५, नापास. दोन प्रश्नांचा फरक. म्हणून "पात्रतेपुरतंच आहे" म्हणून ४० वर थांबायचं नाही, ५० च्या पुढे जायचं. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना वजावट नाही, ते कोरे सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. गणिताला घाबरणाऱ्यांनी उतारे आधी घ्यावेत, पण प्रश्न वाचून मग उतारा, उलटं नाही.

आणि पेपर १ मधलं "डोळे झाकून मारू नका" हे सरसकट खरं नाही. २ गुणांचा प्रश्न, चुकीला अर्धा वजा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तरी सरासरी किंचित अधिकच निघते, प्रश्नामागे पाव गुणाच्या निम्मी. पण असे १० प्रश्न मारले तर साधारण चारातून एकदा एकच बरोबर येतो किंवा एकही नाही, आणि तुम्ही अडीच ते पाच गुणांनी खाली जाता. कट-ऑफच्या आसपास असलेल्याने हा जुगार मोजूनमापून खेळावा. दोन पर्याय उडवता आले की मात्र डोकं चालवत बसू नका, मारा. प्रश्नामागे पाऊण गुण सरासरीने मिळतो.

संयुक्त पूर्व १०० प्रश्न ६० मिनिटांत आहे. प्रश्नाला ३६ सेकंद, त्यातच गोळा रंगवणं. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे गोळे एकदम रंगवू म्हणणाऱ्याचा क्रम एका ओळीने सरकतो. पानागणिक रंगवा.

पेठेबाहेर

वरच्या वादात खरी अडचण कुणी धरली नाही. पूर्व झाल्यावर निकालापर्यंतचे आठवडे आणि निकाल ते मुख्य, एवढ्यात ५०० गुणांचा वैकल्पिक विषय पहिल्यांदा उघडला तर संपत नाही. त्यामुळे "संयुक्त करू की नको" याचं उत्तर बऱ्याच अंशी "वैकल्पिक तयार आहे का" यावर आहे. पदवीचाच विषय घेतलेला कृषी किंवा पशुवैद्यकीयचा उमेदवार संयुक्त सहज ओढू शकतो. समाजशास्त्र किंवा मराठी साहित्य शून्यातून सुरू करणाऱ्याने पूर्वच्या आधी दोन्ही पेपर किमान एकदा पूर्ण वाचून, नोट्स काढून ठेवलेल्या हव्यात. मैत्रिणीने घेतला म्हणून विषय घेऊ नका. आधी त्या विषयाचे पाच जुने प्रश्न काढा, पुस्तक समोर ठेवून उत्तरं लिहून बघा. पुस्तक समोर असूनही दोन पानं भरत नसतील तर तो विषय तुमचा नाही.

इंग्रजीचा पात्रता पेपर तर कुणाच्या यादीतच नसतो. ३०० पैकी ७५, ऐकायला सोपं. पण त्यात निबंध आहे, उतारा आहे, सारांश आहे, भाषांतर आहे. संयुक्तचं इंग्रजी व्याकरण गोळ्यांचं असल्यामुळे काळ ओळखता येतो, पण स्वतःचं एक परिच्छेदभर इंग्रजी लिहिताना कर्ता-क्रियापद जुळत नाही. आठवड्याला एक सारांश आणि एक भाषांतर. सारांशात मूळ उताऱ्यातली वाक्यं उचलणं ही ठरलेली चूक.

गोदाकाठ

पेठेबाहेर, वैकल्पिकचा मुद्दा एकदम बरोबर. निळीशाई, तुमचं पंचायत राजचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. सालं आणि समित्या पाठ नसतील तर तुमचं ते विश्लेषण हवेत राहतं. "एका समितीने असं म्हटलं" असं लिहिणाऱ्याला कोण गुण देणार? संयुक्तने तो कच्चा माल फुकट करून घेतला जातो. त्यावर रोज दोन उत्तरं लिहा. महिन्याला ६०. यासाठी संयुक्त सोडायची गरज नाही.

शब्दसंख्येचंही भूत उभं करू नका. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, तेवढाच ऐवज कमी शब्दांत बसतो.

निळीशाई

शब्द कमी, पण वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरं कोण लिहिणार? बरेच जण वेगासाठी शिरोरेषाच सोडून देतात. हरकत नाही, पण मग 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' वेगळे ओळखू येतील असं आधीच हाताला लावून घ्या.

तपासनीस

उत्तरं तपासताना रोज उठून दिसणाऱ्या चुका लिहितो, वादात उपयोगी पडतील. संयुक्तवाल्यांची पहिली खूण म्हणजे माहितीचा ढीग. दुष्काळावर प्रश्न आला की मराठवाड्यातले आठ जिल्हे, जायकवाडी धरणाचं साल, जलयुक्त शिवार २०१४, सगळं उतरतं. प्रश्न विचारतो "पाऊस सरासरीइतका होऊनही टंचाई का", आणि काळ्या पाषाणात पाणी मुरत कमी, साठतं कमी, पावसाचे दिवस घटलेत, उसाचं पाणी, या चार ओळी कुठेच नाहीत. दुसरी चूक सूचनेच्या शब्दाची. "चर्चा करा" म्हटल्यावर दोन्ही बाजू हव्यात. "मूल्यमापन करा" म्हटल्यावर शेवटी तुमचा निवाडा हवा. सगळ्या प्रकारांना एकच उत्तर लिहिलं जातं. तिसरी, प्रस्तावनेत पाव उत्तर संपतं. व्याख्या एक वाक्य, पुढे कामाला लागा.

आणि दिवसाला दोन उत्तरं ही पळवाट होऊ शकते. सुटी उत्तरं ताजेपणी लिहिली जातात. परीक्षेत सतरावं उत्तर अडीच तासांनी लिहायचं असतं. पंधरवड्यातून एकदा तरी पूर्ण तीन तासांचा पेपर, घड्याळ लावून. त्यातली शेवटची पाच उत्तरं आधी तपासून घ्या.

नवखा_नांदेड

बारा महिने हातात, नोकरी नाही, वैकल्पिक ठरलेला नाही, सीसॅटला धाकधूक. काय करावं?

पेठेबाहेर

पहिले पंधरा दिवस फक्त वैकल्पिक ठरवायला, वर सांगितलेली पाच प्रश्नांची चाचणी तीन विषयांवर घेऊन. मग पाच महिने सकाळ वैकल्पिकला, दुपार सामान्य अध्ययनाला, रोज एक उत्तर. सीसॅटची धाकधूक आहे तर आठवड्याला एक पूर्ण पेपर आतापासूनच. पूर्वच्या आधीचे तीन महिने फक्त पूर्व, तेव्हा लेखन बंद ठेवलं तरी चालेल.

गोदाकाठ

आणि त्याच तीन महिन्यांच्या तयारीवर संयुक्त पूर्वचा फॉर्म भरा. जास्तीचं काही वाचू नका, फक्त ३६ सेकंदांची सवय म्हणून शेवटच्या महिन्यात आठ-दहा पेपर सोडवा. निघाली तर व्याकरणाचं मग बघू.

निळीशाई

फॉर्म भरायला हरकत नाही. पण दोन्ही पूर्व निघाल्या आणि दोन्ही मुख्य दोन महिन्यांच्या आत आल्या, तर कुठली सोडायची हे आजच लिहून ठेव, नांदेडकर. तेव्हा ठरवायला बसलास तर दोन्ही अर्धवट होतात.