गेममध्ये पीसी बंद पडला की लगेच एसएमपीएस बदलायचा का?

मळ्यातला_गेमर (रावेर तालुका)
गेम रंगात आला की पीसी धाडकन बंद. दुकानात न्या, निकाल ठरलेला: "एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला, नवीन टाका." माझं मत, खेड्यावर हा क्रमच उलटा आहे. आधी लाईन तपासा. आमच्याकडे थ्री फेज आली की केळीच्या मोटारी एकदम उचलतात आणि मळ्यातल्या घराचा प्लग २३० व्होल्टवरून १८० च्या खाली येतो. बल्बवरून कळणार नाही, एलईडीच्या आत स्वतःचा ड्रायव्हर असतो, तो कमी व्होल्टेजलाही बहुतेकदा तसाच उजेड देतो. पंख्याचा आवाज ऐका. नाहीतर शेजारच्या प्लगात मल्टिमीटर लावून गेम सुरू करा.

आणि इव्हेंट व्ह्यूअरमधलं (विंडोजच्या नोंदवहीतलं) "कर्नल-पॉवर ४१" दाखवून कोणी एसएमपीएस विकत असेल तर तिथून उठा. विंडोज नीट बंद न होता मशीन पडलं, एवढंच ती नोंद सांगते. कशामुळे पडलं, ते नाही.

सोल्डर_आणि_चहा (जळगाव, रिपेअरिंग)
दादा, दुकानदारांवरचा राग समजला. पण बरेच चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात, लेबलवरच छापलेलं असतं. (स्वस्तातल्या काहींवर २००-२४० असतं, त्यांचं सोडा.) १८० ला त्यांना काही होत नाही. लाईनचाच दोष असता तर पीसी यूट्यूब बघतानाही पडला असता. गिऱ्हाईक काय सांगतं? "फक्त गेममध्ये." म्हणजे लोड. ग्राफिक्स कार्ड सरासरी ३०० वॅट खात असलं तरी क्षणार्धासाठी त्याच्या कितीतरी वर उडी मारतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये (एटीएक्स म्हणजे एसएमपीएसचं मानक) मोठ्या एसएमपीएसनी १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा, असं काय उगाच घातलंय?

खूण सांगतो. पडल्यावर बटण दाबूनही उठत नाही, मागचा स्विच बंद करून थोडं थांबलं की उठतो, तर बहुतेक प्रोटेक्शन लागलंय, म्हणजे एसएमपीएसनं स्वतःला वाचवायला बंद करून घेतलंय. आपोआप रीस्टार्ट होत असेल तर तुमच्या लाईनवर संशय घ्यायला मी तयार आहे.

मळ्यातला_गेमर
"फक्त गेममध्ये" यावरून लोड सिद्ध होत नाही भाऊ. १८० स्थिर असेल तर चालतो, मान्य. पण मोटार उचलते त्या क्षणी लाईन खोल गचका खाते, तेवढा वेळ एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर साठवलेल्या विजेवर सांभाळतो. एटीएक्सच्या जुन्या हिशेबात हा वेळ भरल्या लोडला साधारण १६-१७ मिलिसेकंद, आणि आपल्या ५० हर्ट्‌झ लाईनची एक सायकलच २० ची. यूट्यूबला पीसी ८० वॅट खातो, तिथे तोच कपॅसिटर कितीतरी जास्त पुरतो. गेममध्ये ४०० खातो, तिथे संपतो. गचका दोन्ही वेळा सारखाच, पीसी पडतो फक्त गेममध्ये.

सोल्डर_आणि_चहा
हे पटलं. पण तोच कपॅसिटर म्हातारा झाला की तुमचे १६ चे ८ होतात, म्हणजे परत माझ्याच दारात! मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात आणि पीसी पत्र्याच्या खोलीत. दर १० अंश वाढीला कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. एसएमपीएसवरच्या "८० प्लस गोल्ड" शिक्क्यावर भाळणाऱ्यांनीही ऐका, ती चाचणी २३ अंशाला होते, आणि वीज किती वाया जाते एवढंच सांगते.

पाना_पक्कड (धुळे, वायरमन)
सोल्डरभाऊ, खरं शे. पण अर्थिंग दोघंही विसरले. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, लोक म्हणतात एसएमपीएस शॉर्ट. बहुतेक वेळा घराला अर्थिंगच नसते, एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो. प्लगात ३०० च्या आसपास दिसलं तर न्यूट्रल सुटलाय, गेम राहू द्या, आधी मेन स्विच पाडा.

स्टॅबिलायझर सुचवणाऱ्यांना एकच: रिलेवाला "टक" करतो तेव्हा क्षणभर सप्लाय तुटतोच. इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर (लाईन गेली की चटकन बॅटरीवर जाणाऱ्या) आहे का तेवढं बघा.

शहाद्याचा_पोरगा
मी एसएमपीएस बाहेर काढून मदरबोर्डच्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी नि काळी वायर क्लिपने जोडली, पंखा फिरला. म्हणजे ठीक ना? आधी सॉफ्टवेअरमध्ये मात्र १२ च्या जागी ११.१ दिसत होतं.

सोल्डर_आणि_चहा
पंखा फिरला म्हणजे पंखा ठीक आहे. लोड नसताना बरेच आजारी एसएमपीएस धडधाकट दिसतात. ११.१ वरही भरवसा नको, बोर्डचा सेन्सर काहीही दाखवतो. गेम चालू ठेवून कार्डच्या पॉवर कनेक्टरला मागून मीटर लाव, ११.४ ते १२.६ मध्ये पाहिजे. हात स्थिर नसेल तर जाणत्याकडून करून घे. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नकोस, प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असतं.

मीटर क्षणाचे झटके पकडत नाही. म्हणून आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आण. पडणं थांबलं तर माझी बाजू भक्कम.

मळ्यातला_गेमर
कशी भक्कम? कमी लोडला कपॅसिटरही जास्त पुरतो, म्हणजे लाईन खराब असली तरी पडणं थांबेल. त्यापेक्षा पीसी एक संध्याकाळ शहरातल्या मित्राकडे न्या, तोच गेम चालवा. तिथेही पडला तरच खिशात हात घाला.

सोल्डर_आणि_चहा
माझ्याकडे रोज तेच होतं की! दुकानात तासन्‌तास चालतो, गावी गेला की पडतो. मी म्हणतो घरची लाईन बघून घ्या, तर म्हणतात, "तुम्ही नीट बघितलंच नाही." तपासणीचे दोनशे मागितले तर, "नुसतं बघायचे पैसे?" आणि नवीन एसएमपीएसचे पाच हजार हसत मोजतात. आता सांगा, क्रम उलटा कोणी केला?

मळ्यातला_गेमर
दोनशे मी दिले असते. पण तुम्ही मागितले असते तर ना भो!

शहाद्याचा_पोरगा
ते राहू द्या. ६५० वॅटचा घेऊ का ७५०?

पाना_पक्कड
कार्ड कोणतं आहे ते सांग आधी.