एकाच पॉवर सप्लायवर ३ ग्राफिक्स कार्ड चालवायची आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरला, मानेवाड्यात राहतो. घरूनच ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर रेंडरिंगची (थ्रीडी मॉडेलवरून चित्रं बनवण्याची) कामं करतो. सध्या २ आरटीएक्स ३०६० आहेत, तिसरं तसलंच जुनं कार्ड घेतलंय. एकेकाचे १७० वॅट, म्हणजे तिघांचे ५१०. प्रोसेसर आणि बाकीचं धरून ७००च्या आसपास. सप्लाय १००० वॅटचा, गोल्ड (कार्यक्षमतेचा दर्जा). हिशोब बसतो, पण काळजी वायरींची आहे.

तिसरं कार्ड रायझरवर (कार्ड मदरबोर्डपासून लांब बसवायच्या जोडावर) आहे. दुकानदाराने रायझरला पॉवर द्यायला साटाचा (हार्ड डिस्कला पॉवर देणाऱ्या वायरीचा) कन्व्हर्टर दिला. तासाभराने हात लावला तर कनेक्टर चांगलाच गरम! लगेच बंद केलं. नंतर वाचलं की साटा कनेक्टरची मर्यादा जेमतेम ५४ वॅट, आणि स्लॉटमधून, म्हणजे इथे रायझरमधून, कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. घरात लहान मुलं आहेत, रेंडर रात्रभर चालतं, त्यामुळे ही जोखीम मला घ्यायची नाही.

आता रायझरला थेट ६ पिनची पीसीआयई वायर (सप्लायची ग्राफिक्स कार्डासाठीची वायर) द्यायची म्हणतोय. पण सप्लायच्या पीसीआयई वायरी तीनच, त्यातल्या एकीला दोन ८ पिन तोंडं आहेत. त्या एकाच वायरीवर तिसरं कार्ड आणि रायझर दोन्ही लावले तर त्या कार्डाचे सगळे १७० वॅट तिच्यावरूनच जातील. चालेल का? की चौथी वायर घ्यावी? दुसऱ्या कंपनीची मॉड्युलर (सप्लायमधून काढता-घालता येणारी) वायर लावायची नाही, पिनांची जुळणी वेगळी असते, एवढं माहीत आहे.

आणि मे महिन्यात इथे पारा ४५ला टेकतो. तेव्हा कार्डांची पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे ती मर्यादा) किती ठेवता? ज्यांनी स्वतः असा सेटअप चालवलाय त्यांनी कृपया सांगा.