मदत हवी आहे: पायथॉन ३.१० आणि ३.१२ साठी एकच डेब पॅकेज, सी मॉड्यूलचं काय करू?

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमचं लॉग वाचणारं एक पायथॉन मॉड्यूल आहे. बहुतेक सगळं शुद्ध पायथॉन, फक्त पार्सर (लॉगच्या ओळी फोडून वाचणारा भाग) वेगासाठी सी भाषेत लिहिलाय. मशीन उबुंटू २२.०४ ची, म्हणजे सिस्टिमचा पायथॉन ३.१०. पण काही जणांनी डेडस्नेक्स पीपीएमधून (पायथॉनची इतर व्हर्जन्स देणारी, उबुंटूबाहेरची रिपॉझिटरी) ३.१२ टाकलाय आणि तो सोडायला कुणी तयार नाही. मला एकच डेब (उबुंटूवर इन्स्टॉल करायची पॅकेज फाइल) सगळीकडे टाकायचंय.

शुद्ध पायथॉनचा भाग बिनबोभाट चालतो. डिस्ट-पॅकेजेस या सामायिक फोल्डरमध्ये तो एकदाच बसतो आणि पायथॉन ३ ची सगळी व्हर्जन्स तिथूनच उचलतात. बाइटकोडचीही मारामारी नाही, ३.२ पासून प्रत्येक व्हर्जनची पीवायसी (कंपाइल केलेली फाइल) पायकॅश फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने पडते.

घोडं अडतंय ते पार्सरपाशी. सी कोड कंपाइल होऊन बनलेल्या एसओ फाइलच्या नावात ‘सीपायथॉन-३१०’ असा शिक्का असतो, त्यामुळे ३.१२ तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. थेट ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. (सिस्टिमच्या पायथॉन३ ची लिंक बदलून ज्यांनी एपीटी (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) झोपवलंय त्यांना हे दुखणं माहीत असेल.)

बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) पायथॉन३-डेव्ह काढून सगळ्या व्हर्जन्ससाठीचं पायथॉन३-ऑल-डेव्ह घातलं. पण त्याने उबुंटूला मान्य असलेल्या व्हर्जन्सपुरतंच बिल्ड होतं, पीपीएचा ३.१२ त्या यादीत नाही.

आता दोन एसओ एकाच पॅकेजात कोंबू, की लिमिटेड एपीआय (पायथॉनच्या सी फंक्शनांचा व्हर्जननुसार न बदलणारा भाग) वापरून सगळ्या व्हर्जन्सना चालणारी एकच एबीआय३ फाइल करू? जुना सी कोड कुणी तसा वळवलाय का? व्हर्च्युअल एन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथॉन) कृपया सुचवू नका, अपडेट एपीटीनेच जायला हवेत.

प्रतिसाद १

नावं वेगळी असल्यामुळे दोन्ही एसओ एका फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. उबुंटू ज्यावर बेतलाय त्या डेबियनमध्येही असंच चालतं. फक्त कुणी ३.१३ टाकला की परत बिल्ड करा. एबीआय३ ला ती कटकट नाही, पण आधी कोडमध्ये ‘पाय_बफर’ (मेमरीतला डेटा कॉपी न करता थेट वाचायचं स्ट्रक्चर) शोधा. तो लिमिटेड एपीआयमध्ये ३.११ पासूनच आहे, म्हणजे तुमचा ३.१० बाद. यादीतला आयटम थेट काढणारे मोठ्या अक्षरांतले मॅक्रोही चालणार नाहीत, त्यांच्या जागी फंक्शनं घाला.

धागाकर्ता

बफर आहे हो, पार्सरचा सगळा वेग त्याच्यावरच. मग तूर्तास दोन एसओच. पायबिल्डला (डेबसाठी पायथॉन मॉड्यूल बिल्ड करणारं टूल) पीपीएचा ३.१२ कसा दाखवायचा? रूल्स फाइलमध्ये (पॅकेज बिल्डच्या सूचनांची फाइल) व्हर्जनची यादी हाताने देता येते का?