भाचा कुठल्याही तारखेचा वार सांगतो, पण हातच्याची बेरीज जमत नाही

नाशिकची मावशी:
भाचा अकरा वर्षांचा, स्वमग्न आहे. बोलतो मोजकंच. घरी कुणीही आलं की याचा पहिला प्रश्न, "वाढदिवस?" तारीख सांगितली की लगेच वार. आजीची ७ मार्च १९५२ सांगितली, तर म्हणाला "शुक्रवार". पत्रिका काढून पाहिली, शुक्रवारच! शाळेत मात्र ४३ अधिक १९ ला अडतो. दिवसभर जुनी कालनिर्णयं घेऊन बसतो. निम्मे नातेवाईक म्हणतात दैवी देणगी, निम्मे म्हणतात नुसतं पाठांतर, काढून घ्या. मला कळेना. काढून घ्यावीत का?

वाचनवेडा:
अमेरिकेतल्या किम पीकबद्दल वाचा. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा त्याला जन्मतःच नव्हता. हजारो पुस्तकं तोंडपाठ, पण शर्टाची बटणं लावायला वडील लागायचे.

विशेष शिक्षिका:
मावशी, काढून घेऊ नका, कृपा करून. ती त्याची पाटी आहे. अशा मुलांच्या बाबतीत 'सॅव्हंट' हा शब्द ऐकाल, म्हणजे एखाद्याच गोष्टीत विलक्षण तरबेज, बाकी साध्या गोष्टींत अडणारा. पण शब्दापेक्षा तो काय करतो ते बघा. साध्या वर्षात ५२ आठवडे आणि १ दिवस, म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. कॅलेंडरं एकूण चौदाच प्रकारची. हे त्याला कुणी शिकवलं नसेल, बघून बघून त्याने स्वतःच हेरलं असणार. खात्री करायची असेल तर १ मार्च २१०० विचारा. शतकाच्या त्या वर्षाला चारशेने भाग जात नाही, म्हणून ते लीप नाही. खरा वार सोमवार. तो मंगळवार म्हणाला तर मला जास्त आनंद होईल. नुसत्या पाठांतरातून ती चूक येत नाही, नियम लावला तरच येते. आणि हातचा वहीतल्या आकड्यांनी नका शिकवू, कॅलेंडरातल्या आठवड्यांच्या हिशोबाने शिकवा.

नाशिकची मावशी:
ताई, संध्याकाळी विचारलं. "मंगळवार," म्हणाला! मी सांगितलं, त्या वर्षी २९ फेब्रुवारी नाही. बराच वेळ गप्प, बोटं हलत होती. मग "सोमवार." आणि मी न विचारताच, "एक एप्रिल गुरुवार. एक मे शनिवार." माळ्यावरची उरलेली कालनिर्णयंही काढून दिली त्याला.